दोन कागद, एकच ठसा



गेल्या शुक्रवारी रुवीत एका मित्राकडे चहाला गेलो होतो. चहा हे निमित्त. त्याच्या पुण्यातल्या फ्लॅटचा वाद कोर्टात गेला आहे आणि वकिलांनी ई-मेलने एक फॉर्म पाठवला होता. तो भरायचा कसा हे बघायला त्याने मला बोलावलं होतं ("तू कॉम्प्युटरवाला ना?" या नात्याने).

फॉर्म म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे द्यावं लागणारं प्रमाणपत्र. १८७२ चा जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून हा नवा कायदा लागू झाला. ई-मेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, मोबाईलवरचा फोटो, कॅमेऱ्याचं चित्रण, यातलं काहीही कोर्टापुढे ठेवायचं तर सोबत हे प्रमाणपत्र लागतं. भाग 'अ' पुरावा देणाऱ्या पक्षकाराने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. आपल्यापैकी ज्यांचं गावाकडे घर, शेत, फ्लॅट किंवा भाऊबंदकी आहे (म्हणजे जवळजवळ सगळेच!) त्यांच्यावर हा फॉर्म भरायची वेळ कधी ना कधी येऊ शकते.

फॉर्ममध्ये एक ओळ आहे. सोबत दिलेल्या इलेक्ट्रॉनिक दस्ताची 'हॅश व्हॅल्यू' अमुक अमुक असून ती पुढीलपैकी एका पद्धतीने काढली आहे, आणि त्याखाली चौकटी: एसएचए१, एसएचए२५६, एमडी५, आणि शेवटी 'इतर'.

"यातली कुठली टिक करू?" मित्राने विचारलं. "काय फरक पडतो?"

फरक पडतो. त्या चार चौकटींपैकी एक २००४ साली मोडली, दुसरी २०१७ साली मोडली, आणि तरीही २०२३ च्या कायद्याने दोन्ही छापल्या आहेत. हे कसं झालं, आणि त्याने आपलं काय बिघडतं, हेच आज सांगायचं आहे.

आधी हॅश म्हणजे काय ते थोडक्यात. कुठलीही फाईल, मग ती एका ओळीची असो की तीन तासांच्या सिनेमाची, एका ठराविक गणिती चरकातून काढली की शेवटी आकड्या-अक्षरांची एक छोटी ओळ हाती येते. एमडी५ ची ओळ ३२ अक्षरांची, एसएचए-१ ची ४० आणि एसएचए-२५६ ची ६४. तीच फाईल पुन्हा घातली की तीच ओळ येते. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. थोडक्यात हा त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा. ठशावरून माणूस बनवता येत नाही, तशी या ओळीवरून फाईल बनवता येत नाही.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डिजिटल सही करतो तेव्हा सही दस्तावर होत नाही, दस्ताच्या ठशावर होते. महाभूमीच्या वेबसाईटवर १५ रुपये भरून आपण इथे मस्कतमध्ये बसून गावचा सातबारा उतरवून घेतो, त्यावरच्या सहीचंही तसंच. म्हणून दोन वेगळ्या कागदांचा ठसा एकच निघाला, तर एकावर केलेली सही दुसऱ्यावर आपोआप बसते. सही खरी, कागद मात्र भलताच! अशा जुळून येण्याला या शास्त्रात 'टक्कर' म्हणतात. टक्कर शोधून काढणं कोणालाही जमू नये, हा हॅशचा सर्वात अवघड गुण.

गंमत म्हणजे हा गुण आपल्या संसदेने कायद्यात लिहून ठेवला आहे. १७ ऑक्टोबर २००० ला लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ३ खाली हॅशची व्याख्या आहे. तिच्यात दोन अटी आहेत. ठशावरून मूळ दस्त परत तयार करणं गणनेच्या दृष्टीने अशक्यप्राय हवं, ही पहिली. दोन दस्तांचा ठसा एकच येणंही तसंच अशक्यप्राय हवं, ही दुसरी. त्याच वर्षी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी नियम निघाले. त्यांत मान्य हॅश म्हणून एमडी५ आणि एसएचए-१ ही नावं दिली होती. २००० साली यात चूक काहीच नव्हती. जगभर हेच चालू होतं.

प्रश्न असा की दुसरी अट पाळली जाते आहे की नाही, हे तपासायचं कसं?

आपल्याकडे तेल आणि गॅसच्या कामात असलेली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांना हायड्रोटेस्ट ठाऊक आहे. पाईप टाकला, पाणी भरलं, डिझाईनच्या दीडपट दाब दिला, ठराविक वेळ काटा हलला नाही की पास. हॅशची अशी हायड्रोटेस्ट नाही. अमुक दाबाला टिकलं म्हणजे झालं, असा आकडाच नाही. प्रयोगशाळा तपासतात ते एवढंच, की सॉफ्टवेअरने हॅश बरोबर काढला का. म्हणजे पाढा चुकला नाही ना, इतकंच. ठशातली अक्षरं पुरेशी विस्कटलेली दिसतात का, एक अक्षर बदललं तर साधारण निम्मे बिट पालटतात का, अशाही चाचण्या आहेत. त्या सगळ्या एमडी५ आजही हसत हसत पास होतो! शितावरून भाताची परीक्षा होते, ती सगळी शितं सारखी शिजतात म्हणून. इथे लाखो करोडो फायली नीट वेगळ्या ठशाच्या निघाल्या तरी मुद्दाम हुडकलेली एक जोडी सगळं मोडते.

त्यामुळे खरी चाचणी एकच. जगातल्या हुशार लोकांना ते मोडायला सांगायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ही मंडळी एकदम पूर्ण किल्ल्यावर चढाई करत नाहीत. एसएचए-२५६ मध्ये माहिती ६४ फेऱ्यांतून घुसळली जाते. संशोधक फेऱ्या कमी करून बघतात. २०२४ सालापर्यंत ३१ फेऱ्यांच्या एसएचए-२५६ ची खरी टक्कर हातात आली आहे. उरलेल्या ३३ फेऱ्या म्हणजे आपली गंगाजळी. दरवर्षी ती किती घटते हे बघणं म्हणजेच चाचणी.

आणि कोणी हुशारी नाही लावली, नुसत्या ताकदीने शोधलं तर? इथे आपल्या अंदाजाला दगा देणारी एक गोष्ट आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांपैकी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? ५० टक्क्यांच्या वर जायला माणसं लागतात फक्त २३. साठ जण असतील तर ९९ टक्क्यांहून जास्त! कारण आपण कोणा एकाची तारीख जुळवत नसतो, कुठलेही दोघे चालतात. हॅशचंही तसंच. एमडी५ चे शक्य ठसे ३४ वर ३७ शून्यं इतके, पण कुठलीतरी एक जोडी जुळवायला सुमारे १८ वर १८ शून्यं एवढे प्रयत्न पुरतात. १९९२ साली रॉन रिव्हेस्ट यांच्या एमडी५ चं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा हा आकडा आकाशाएवढा होता. आज तो तसा नाही. म्हणजे एमडी५ मध्ये काही खोट नसती तरी त्याचं वय झालंच होतं.

पण खोट होती. १९९६ साली जर्मनीच्या हान्स डॉबर्टिन यांनी त्याच्या आतल्या यंत्रात टक्कर दाखवली तेव्हाच जाणकारांनी नवीन कामात एमडी५ वापरू नका म्हणून सांगायला सुरुवात केली होती. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १७ ऑगस्ट २००४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे भरलेल्या क्रिप्टो परिषदेत चीनच्या शानडोंग विद्यापीठाच्या प्राध्यापिका वांग शियाओयुन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन वेगळे संदेश दाखवले ज्यांचा एमडी५ ठसा एकच होता. मोठ्या आयबीएम मशीनवर साधारण तासाभराचं काम. आधी पाठवलेल्या मसुद्यात त्यांनी एमडी५ चे सुरुवातीचे आकडे उलट क्रमाने घेतले होते, म्हणून टक्कर खऱ्या एमडी५ ची नव्हती. कोणीतरी चूक काढली आणि त्यांनी लगेच खऱ्या एमडी५ ची टक्कर काढून दिली. चूक दुरुस्त करायला इतका कमी वेळ लागला, यातच एमडी५ चं काय झालं ते कळतं. २००६ साली चेक संशोधक व्लास्टिमिल क्लिमा यांनी साध्या लॅपटॉपवर एका मिनिटाच्या आत टक्कर काढून दाखवली.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, ठीक आहे, पण हे दोन संदेश म्हणजे निरर्थक गिचमीड आहे. असल्या कागदावर कोण सही करणार?

याचं उत्तर २००५ साली मॅग्नस डाऊम आणि स्टेफान लुक्स या दोघा जर्मनांनी दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हेच प्रकरण आपण सर्वांनी समजून घेण्यासारखं आहे. त्यांनी एक गोष्ट रचली. ज्युलियस सीझर नावाच्या साहेबाच्या हाताखाली ॲलिस नावाची मुलगी उमेदवारी करते आहे. काम संपल्यावर ती साहेबाकडे शिफारसपत्र मागते. मजकूर ती स्वतःच टाईप करून आणते (आपल्याकडेही साहेब म्हणतातच, "तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो"). साहेब वाचतो, पत्र ठीक आहे, डिजिटल सही करतो. ॲलिसकडे दुसरी एक फाईल आहे, तिला गुप्त कागदपत्रं बघू द्यावीत असा हुकूम. दोन्ही फायलींचा एमडी५ ठसा एकच. साहेबाची सही हुकुमावर तंतोतंत बसते.

युक्ती काय होती? दोन्ही फायलींमध्ये दोन्ही मजकूर होते! सुरुवातीला गिचमीडीचा एक तुकडा, आणि त्यापुढे सूचना: तुकडा असा असेल तर पत्र दाखव, तसा असेल तर हुकूम दाखव. दोन फायलींत फरक फक्त त्या तुकड्याचा, आणि तो तुकडा म्हणजे वांगबाईंच्या पद्धतीची टक्कर. गिचमीड डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर दिसतं ते स्वच्छ, सुवाच्य पत्र.

दोन वर्षांनी, म्हणजे २००७ साली, हॉलंडच्या मार्क स्टीव्हन्स, आर्येन लेन्स्ट्रा आणि बेन्ने द वेगर यांनी पुढची पायरी गाठली. दोन पूर्णपणे वेगळ्या सुरुवाती घेऊन त्यांचे ठसे जुळवायचे. त्यांनी जाहीर केलं की २००८ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक कोण जिंकणार हे आम्हाला कळलं आहे, आणि उत्तराच्या पीडीएफचा हा एमडी५ ठसा आत्ताच घ्या. प्रत्यक्षात त्यांच्याकडे बारा पीडीएफ होत्या, प्रत्येकीत वेगळं नाव आणि सगळ्यांचा ठसा तोच. आपल्याकडच्या कुडमुड्या ज्योतिषालाही हे सुचलं नसतं!

त्यानंतर गंमत संपली. ३० डिसेंबर २००८ ला बर्लिनमध्ये सात जणांच्या गटाने सुमारे २०० प्लेस्टेशन-३ (हो, मुलांचे व्हिडिओ गेम!) जोडून एमडी५ ची टक्कर काढली आणि तिच्या जोरावर वेबसाईटांना ओळखपत्र वाटणारी एक बनावट संस्थाच उभी करून दाखवली. जगातले सगळे ब्राउझर तिच्यावर विश्वास ठेवणार होते. त्यांनी गैरवापर केला नाही. मे २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या 'फ्लेम'च्या कर्त्यांनी मात्र केला, आणि तो आपल्या अगदी शेजारी. इराणच्या तेल मंत्रालयाच्या संगणकांवर हल्ला झाल्यानंतर शोध घेताना कॅस्परस्कीच्या लोकांना हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. इराण, सुदान, सीरिया, लेबनॉन, सौदी, इजिप्त अशा देशांत ते पसरलेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या एका विभागात लायसनसाठी अजून एमडी५ वापरला जात होता, त्याचा फायदा घेऊन बनावट सही केली होती. त्यामुळे हे सॉफ्टवेअर विंडोजचं अधिकृत अपडेट म्हणून मशीनमध्ये शिरत होतं. म्हणजे संशोधक ज्याला आठ वर्षं धोका म्हणून सांगत होते तो इथे खाडीच्या काठावर प्रत्यक्ष वापरून झाला होता, आणि वापरणाऱ्यांची टक्कर काढण्याची पद्धत प्रसिद्ध झालेल्या पद्धतींपेक्षा वेगळी, त्यांची स्वतःची होती!

एसएचए-१ चं थोडक्यात सांगतो. २३ फेब्रुवारी २०१७ ला ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी मिळून त्याची पहिली टक्कर दाखवली, एकच ठसा असलेल्या दोन पीडीएफ. गणित मोठं होतं, ९ वर १८ शून्यं इतक्या वेळा हॅश काढावा लागला. जानेवारी २०२० मध्ये गाएताँ ल्यूराँ आणि थॉमा पेराँ यांनी वेगळ्या सुरुवातींची टक्करही करून दाखवली, आणि अशा टक्करीच्या खर्चाचा त्यांचा अंदाज होता साधारण ४५ हजार डॉलर. पुण्यातल्या फ्लॅटच्या किमतीपुढे ४५ हजार डॉलर म्हणजे काय ते तुम्हीच बघा. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने एसएचए-१ ला पूर्ण निरोप द्यायला ३१ डिसेंबर २०३० ही तारीख दिली आहे.

आता परत आपल्या फॉर्मकडे येऊ.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच, हे पक्कं होण्यात आपल्या जालन्याचा मोठा हात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज भरायची शेवटची मुदत होती २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजेपर्यंत. अर्जुन खोतकर यांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीत कॅमेरे होते, त्यांचं चित्रण हाच मुख्य पुरावा. पण प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण दिल्लीला गेलं, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्या वेळच्या कलम ६५ब मध्ये हॅशचा उल्लेख नव्हता. नव्या कायद्याने ठराविक नमुना दिला आणि त्यात हॅश आणला, ही सुधारणा चांगलीच आहे. तिचं श्रेय द्यायला हवं.

पण चौकटींमध्ये एमडी५ का? डिजिटल सहीच्या बाबतीत आपल्याच सरकारने शहाणपणा दाखवला होता. प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांनी २०१२ च्या सुरुवातीपासून नव्या सहीपत्रांना एसएचए-२ घराण्याचाच हॅश सक्तीचा केला. म्हणजे सहीच्या खात्यात जो दरवाजा २०१२ लाच बंद झाला, तो पुराव्याच्या खात्यात २०२३ मध्ये नव्याने उघडला. एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही, हे आपल्याला नवीन नाही म्हणा!

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर साप म्हणून भुई धोपटल्यासारखं होईल. पोलिसांनी हार्डडिस्क जप्त केली, पंचांसमोर तिचा एमडी५ काढून पंचनाम्यात लिहिला. नंतर कोणाला त्याच ठशाची दुसरी डिस्क बनवता येईल का? आजही नाही. टक्कर काढणं म्हणजे दोन्ही फायली स्वतः घडवणं. दुसऱ्याच्या आधीच ठरलेल्या ठशाला जुळणारी फाईल घडवणं ही वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट. एमडी५ च्या बाबतीतही ती कोणाच्या आवाक्यात आलेली नाही. तपासाची सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं एमडी५ देत आली आहेत. ते सगळे जुने पंचनामे केवळ या कारणाने कचऱ्यात टाकायची गरज नाही. चौकट ठेवण्यामागे हाच विचार असेल तर तो समजण्यासारखा आहे.

पण फॉर्मचा भाग 'अ' कोण भरतो? पक्षकार. दस्त ज्याने स्वतः तयार केलेला असू शकतो, तोच. आणि एमडी५ ज्याच्याविरुद्ध काहीच संरक्षण देत नाही तोही नेमका हाच, दस्त घडवणारा! मित्राला मी हेच उदाहरण दिलं. समज, समोरच्या पार्टीने तुला कराराची पीडीएफ पाठवली. तू वाचलीस, सगळं ठीक. त्यांनी ई-मेलमध्ये एमडी५ ठसा लिहिला, तू उत्तर दिलंस, "हाच मसुदा मला मान्य." तीन वर्षांनी ते कोर्टात दुसरी पीडीएफ आणतात, क्षेत्रफळ वेगळं, तारखा वेगळ्या, ठसा मात्र तोच. "बघा, यांनीच मान्य केलेला ठसा!" मग तू तुझी प्रत काढून दाखवशील, तिचाही ठसा तोच. आता खरा मसुदा कुठला? ज्याला आपण काळ्या दगडावरची रेघ समजत होतो ती दोन्ही बाजूंनी ओढलेली निघाली.

उलटही होऊ शकतं. तू सरळ मनाने एमडी५ टिक केलास, आणि समोरच्या वकिलाने न्यायाधीशांना एवढंच विचारलं की ज्या पद्धतीची टक्कर लॅपटॉपवर एका मिनिटात निघते तिच्यावर विसंबायचं का? तुझा पुरावा खरा असूनही डागाळला.

काही जण म्हणतात, एमडी५ आणि एसएचए-१ दोन्ही काढा, दोन्ही एकदम कोण मोडणार? ऐकायला पटतं. पण २००४ च्या त्याच सांता बार्बराच्या परिषदेत फ्रान्सच्या आंत्वान जू यांनी दाखवलं होतं की असे दोन हॅश जोडून ताकदीचा गुणाकार होत नाही, दोघांतल्या बळकट हॅशपेक्षा जोडी फारशी वर जात नाही. दोन कच्च्या दोऱ्या एकत्र बांधून दोरखंड होत नाही. एसएचए-२५६ ची चौकट शेजारीच असताना ही खटपट हवी कशाला?

टक्करीचा संशय असेल तर उपाय अगदीच नाही असं नाही. मार्क स्टीव्हन्स यांनीच अशी पद्धत बसवली आहे की जोडीतली एकच फाईल हाती असली तरी तिच्यात टक्करीच्या खुणा आहेत का ते शोधता येतं. फ्लेमच्या बनावट सहीचं मूळ असंच, एकाच बाजूवरून, ओळखलं गेलं. २०१७ पासून गिटहबसारख्या ठिकाणी ही तपासणी आपोआप होते. भाग 'ब' भरणाऱ्या तज्ज्ञाने एमडी५ किंवा एसएचए-१ असलेल्या प्रत्येक फाईलची ही तपासणी करावी, एवढी एक ओळ नमुन्यात घालायला काय हरकत होती? माझं स्पष्ट मत असं आहे की जुन्या जप्तीच्या प्रकरणांपुरता एमडी५ राहू द्यावा. पक्षकाराने आज नव्याने काढलेल्या हॅशसाठी मात्र ती चौकट काढूनच टाकावी.

आणि "आता कोण एमडी५ वापरतंय?" असं वाटत असेल तर जुलै २०२४ ची गोष्ट ऐका. नेटवर्कवर लॉगिन करणाऱ्यांना ओळखून आत सोडणारी 'रेडियस' नावाची व्यवस्था १९९० च्या दशकापासून जगभरच्या इंटरनेट कंपन्या आणि मोठ्या कचेऱ्या वापरतात. तिच्या पोटात एमडी५ होता. संशोधकांनी काही मिनिटांत टक्कर काढून नकाराचं उत्तर होकारात बदलून दाखवलं. टक्कर सापडल्याला वीस वर्षं झाली होती!

ओमानपुरतं सांगायचं तर इथे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा कायदा २००८ च्या शाही फर्मान ६९ ने आला, राष्ट्रीय डिजिटल प्रमाणन केंद्र २०१३ पासून सुरू झालं, आणि आपल्या रेसिडेंट कार्डाच्या चिपवर सहीची सोय आली. पण भारतात दावा चालवायचा तर नमुना तिकडचाच. मुखत्यारपत्र अजून कागदावरच होतं. त्याआधीचे मसुदे, संमती, पैशांच्या पावत्या मात्र आता सगळ्या ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर असतात.

तर त्या शुक्रवारी आम्ही काय केलं? एसएचए२५६ टिक केलं. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, ती हॅश काढून देते. पण एक सावधगिरी. पद्धतीचं नाव दिलं नाही तर ती गुपचूप एसएचए-१ काढते, त्यामुळे शेवटी एसएचए२५६ असं टाईप करावंच लागतं. पहिल्या खेपेला आमचं तेच झालं. ६४ च्या जागी ४० अक्षरं मोजली तेव्हा लक्षात आलं.

ई-मेलच्या तीन पीडीएफ अशा मार्गी लागल्या. गाडी अडली ती फोटोंवर. ताब्याच्या दिवशी फ्लॅटचे काढलेले फोटो मित्राच्या भावाने पुण्याहून व्हॉट्सॲपवर पाठवले होते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, म्हणजे इथे आलेली फाईल मूळ फाईल नव्हेच, तिचा ठसाही वेगळा. डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर जसेच्या तसे आले असते. मूळ फोटो भावाच्या जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन पुण्याच्या घरी कपाटाच्या खणात, बॅटरी मेलेली. भावाला लगेच फोन लावला. "चार्जर शोधतो," म्हणाला. "पण ताई घरी आली की तिलाच विचारावं लागेल." फॉर्ममधला फोटोंचा रकाना अजून कोरा आहे.